ड्राफ्टमधला नवा कॉर्नरबॅक: चेंडू त्याच्याकडे येत नाही तेव्हा काय बघायचं?

२७ एप्रिल २०२३. कॅन्सस सिटीत एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट चालू होता: संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो. सोळाव्या क्रमांकावर वॉशिंग्टनने मिसिसिपी स्टेटचा इमॅन्युएल फोर्ब्स घेतला आणि लगेच सतराव्यावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सने ऑरेगॉनचा क्रिश्चन गोन्झालेझ उचलला. दोघेही कॉर्नरबॅक, म्हणजे पास पकडणाऱ्या रिसीव्हरला अडवणारे बचावपटू, दोघेही सहा फुटांच्या वर. ४० यार्डांची धाव फोर्ब्सने ४.३५ सेकंदांत काढली होती, गोन्झालेझने ४.३८ मध्ये. कॉलेजात फोर्ब्सने प्रतिस्पर्ध्याचे तब्बल १४ पास मधल्यामध्ये पकडले होते आणि त्यांतल्या सहांवर थेट टचडाउन केलं होतं, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला होता. या सहांचा कॉलेजच्या अव्वल विभागात विक्रम आहे. गोन्झालेझच्या नावावर इंटरसेप्शन, म्हणजे असे मधल्यामध्ये पकडलेले पास, होती फक्त चार.

पुढे काय झालं? १ ऑक्टोबर २०२३ ला फिलाडेल्फियाच्या ए. जे. ब्राउनने वॉशिंग्टनविरुद्ध पास पकडून १७५ यार्ड आणि दोन टचडाउन केले, त्यात फोर्ब्सची चांगलीच फरफट झाली. चारच दिवसांनी शिकागोच्या डी. जे. मूरने २३० यार्ड काढले आणि त्या सामन्यात फोर्ब्सला बाकावर बसवण्यात आलं. २०२४ चा हंगाम संपायच्या आत वॉशिंग्टनने त्याला सोडूनही दिलं. मग लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला घेतलं. त्याच २०२४ मध्ये गोन्झालेझ ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, दुसऱ्या संघात निवडला गेला.

निकाल लागल्यावर शहाणपण सांगणं सोपं असतं, मान्य. पण ड्राफ्टच्या रात्री चाहते ज्या आकड्यांवर नाचत होते, ते आकडे या जागेसाठी मुळातच कच्चे आहेत. कॉर्नरबॅकचं चांगलं काम बहुतेक वेळा दिसतच नाही. त्याने रिसीव्हरला नीट बांधून ठेवलं की पास टाकणारा क्वार्टरबॅक त्या बाजूला चेंडू टाकत नाही. चेंडू नाही म्हणजे नोंद नाही, आणि टीव्हीवर चित्रही नाही.

खेळाशी जुजबी ओळख असणाऱ्यांसाठी एवढंच: हल्ला करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. मैदानाच्या कडेला उभा राहून धावत सुटणारा, पास पकडणारा खेळाडू म्हणजे वाइड रिसीव्हर. त्याला अडवणारा कॉर्नरबॅक. रिसीव्हरला कुठे वळायचं ते आधीच ठाऊक असतं, कॉर्नरला नसतं. शिवाय एकाला सरळ पळायचंय, तर दुसऱ्याला बऱ्याचदा उलट्या पावलांनी. सगळी तफावत इथूनच सुरू होते.

आकडे कुठे फसवतात

सगळ्यात मोहक आकडा इंटरसेप्शनचा, आणि सगळ्यात चंचलही तोच. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीवर दबाव असला, क्वार्टरबॅक घाईत असला, चेंडू कुणाच्या तरी हाताला लागून उडाला की फळ कॉर्नरच्या पदरात पडतं. डॅलसच्या ट्रेव्हॉन डिग्सने २०२१ मध्ये ११ इंटरसेप्शन केली. लीगमध्ये सर्वाधिक, आणि ऑल-प्रोचा मानही मिळाला. त्याच हंगामात त्याच्यावर टाकलेल्या पासांतून प्रतिस्पर्ध्यांनी हजाराच्या आसपास यार्डही वसूल केले. चेंडूवर झडप घालायची म्हणजे कधीतरी रिसीव्हरला मोकळं सोडायचं. हा सौदा संघाला परवडतो का, हे सेफ्टी, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा असणारा बचावपटू, किती चांगला आहे त्यावर ठरतं.

उलट टोकाचं उदाहरण फिलाडेल्फियाच्या क्विन्यन मिचेलचं. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये २२ वा. पहिल्या नियमित हंगामात त्याची इंटरसेप्शन शून्य, तरीही वर्षातल्या सर्वोत्तम नवोदित बचावपटूच्या अंतिम यादीत त्याचं नाव होतं. क्रिकेट बघणाऱ्याला हे लगेच कळेल: विकेट नाही, पण दहा षटकांत तीस धावा देणारा गोलंदाज कर्णधाराला हवाच असतो.

मग काय मोजायचं? कॉर्नर पास रोखायला उतरलाय अशा प्रत्येक डावामागे (डाव म्हणजे इथे चार प्रयत्नांपैकी एक) त्याने किती यार्ड दिले, हा आकडा त्यातल्या त्यात बरा. समजा दोन कॉर्नर प्रत्येकी ५०० वेळा कव्हरेजमध्ये उभे राहिले. पहिल्यावर ९० चेंडू टाकले, ५५ पकडले गेले, ७०० यार्ड गेले. दुसऱ्यावर ४५ टाकले, ३० पकडले गेले, ३५० यार्ड गेले. पकडलेल्या चेंडूंची टक्केवारी बघितली तर पहिला ६१ वर आणि दुसरा ६७ वर, म्हणजे दुसरा वाईट दिसतो. पण ५०० ने भागा: पहिला डावामागे १.४ यार्ड देतो, दुसरा ०.७. दुसऱ्याकडे क्वार्टरबॅक फिरकतच नव्हते. ही आकडेमोड काल्पनिक आहे, पण टक्केवारीवरून होणारे वाद मात्र दर आठवड्याला खरेखुरे होतात.

‘त्याच्याविरुद्ध क्वार्टरबॅकचं पासर रेटिंग’, म्हणजे त्याच्या बाजूला टाकलेल्या पासांचे एकत्रित गुण, हाही लाडका आकडा. कॉर्नरसाठी तो जितका कमी तितका बरा. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: क्वार्टरबॅकने प्रत्येक चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला तरी रेटिंग ३९.६ येतं. एखाद्या कॉर्नरचा आकडा त्याच्या खाली दिसला की तो अद्भुत आहे असं वाटतं, पण बहुधा चाळीसेक चेंडूंवर दोन-तीन इंटरसेप्शन मिळालेली असतात, एवढंच. शिवाय झोन कव्हरेजमध्ये, म्हणजे प्रत्येकाने माणूस नाही तर मैदानाचा भाग सांभाळायचा असतो तेव्हा, सुटलेला रिसीव्हर नक्की कुणाचा होता हे बाहेरच्या माणसाला खात्रीने सांगता येत नाही. आकडे नोंदवणाऱ्या कंपन्याही तिथे अंदाजच करतात.

इंडियानापोलिसची मोजमापं

दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला इंडियानापोलिसला कंबाइन भरतं, ड्राफ्टआधीची खेळाडूंची चाचणी. उंची, वजन, हाताची लांबी, उड्या, धावा, सगळं मोजलं जातं. ४० यार्ड म्हणजे साधारण ३६.६ मीटर. पूर्ण वेगात असताना दशांश सेकंदाचा फरक म्हणजे जवळपास एक यार्ड, म्हणून ४.४ आणि ४.५ मध्ये लोक एवढे अडकतात. पण सामन्यात कॉर्नर सलग ४० यार्ड सरळ किती वेळा पळतो? त्यातल्या पहिल्या १० यार्डांचा वेळ जास्त बोलका, कारण खेळातली बहुतेक झटापट तेवढ्याच अंतरात मिटते. बाजूला झटकन वळून परत येण्याच्या कसरती, म्हणजे शटल आणि थ्री-कोन, याहून उपयोगी असतात, पण वेगवान कॉर्नर हल्ली त्या सर्रास टाळतात.

२०२२ मध्ये बेलरच्या केलन बार्न्सने ४.२३ सेकंद लावले, कंबाइनच्या इतिहासातल्या सर्वांत वेगवान धावांपैकी एक. तो निवडला गेला सातव्या फेरीत, २४२ वा, आणि पुढेही कुठे स्थिरावला नाही. दुसऱ्या बाजूला स्टॅनफर्डचा रिचर्ड शर्मन. आधी वाइड रिसीव्हर होता, वेग बेताचा, २०११ मध्ये पाचव्या फेरीत १५४ वा. पण उंची सहा फूट तीन इंच आणि हात लांब. सीॲटलचे प्रशिक्षक पीट कॅरल यांना नेमका तसाच माणूस हवा होता: समोर उभा राहून रिसीव्हरला अडवणारा आणि उरलेल्या वेळात मैदानाच्या मागच्या पट्ट्याचा एक तृतीयांश भाग सांभाळणारा. त्या रचनेत त्याला वेग कमी पडला नाही.

हाताची लांबी चाहते फारशी बघत नाहीत, ती बघावी. बाहेरच्या कॉर्नरचा हात ३१ इंचांच्या खाली असला की बरेच संघ काचकूच करतात. अर्धं पाऊल मागे पडलेल्या कॉर्नरला चेंडूला बोट लावता येतं की नाही, ते त्या दोन इंचांवर ठरतं. २०२२ चा चौथा, तेव्हा न्यूयॉर्क जेट्सचा सॉस गार्डनर, त्याचे हात साडेतेहतीस इंचांचे. पहिल्याच हंगामात त्याने २० पास हाताने उडवले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि इंटरसेप्शन होती दोनच.

वजनाचं काय? फोर्ब्स कंबाइनला १६६ पौंडांचा, म्हणजे ७५ किलोचा होता. गोन्झालेझ १९७ पौंड, ८९ किलो. ए. जे. ब्राउन सव्वादोनशे पौंडांच्या आसपासचा गडी. तो वळणावर खांद्याने हलकासा धक्का देतो, पंच त्याकडे काणाडोळा करतात, आणि ७५ किलोचा पोरगा दोन पावलं लांब फेकला जातो. वजन कमी असूनही टिकलेले कॉर्नर आहेत, पण त्यांचं तंत्र जवळपास निर्दोष असावं लागतं. चूक झाली की ती निस्तरायला ताकद उपलब्ध नसते.

कॉलेजचा नियम वेगळा, मैदानही वेगळं

कॉलेजात सफाईदार दिसलेला कॉर्नर एनएफएलमध्ये पिवळ्या झेंड्यांचा, म्हणजे पंचांच्या दंडांचा, धनी का होतो, याचं उत्तर नियमपुस्तकात आहे. कॉलेजात चेंडू हवेत जाईपर्यंत समोरच्या रिसीव्हरला ढकलायला बरीच मोकळीक असते. एनएफएलमध्ये डाव सुरू होतो त्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंतच. त्यापुढे हात लावला तर पाच यार्डांचा दंड आणि शिवाय नवे चार प्रयत्न. जर्सी धरली तरी तेच. चेंडू हवेत असताना रिसीव्हरला अडवलं तर कॉलेजात जास्तीत जास्त १५ यार्ड जातात, एनएफएलमध्ये जिथे अडवलं तिथे चेंडू नेऊन ठेवतात. म्हणजे एका चुकीला ४० यार्डही जाऊ शकतात. म्हणून कॉलेजच्या चित्रफितीत तुमचा नवा कॉर्नर सहाव्या-सातव्या यार्डावर हात कुठे ठेवतो ते बघा. छातीशी, खांद्याशी चाळे चालू असतील तर पहिल्या वर्षी दंड भरावेच लागणार. ही सवय सुटते, पण लगेच नाही.

दुसरा फरक मैदानावरच्या खुणांचा. मैदान १६० फूट रुंद. प्रत्येक डाव दोन हॅश खुणांच्या दरम्यान कुठून तरी सुरू होतो. कॉलेजात या खुणांमध्ये ४० फुटांचं अंतर, एनएफएलमध्ये साडेअठरा. चेंडू कॉलेजात एका खुणेवर असेल तर जवळची कड ६० फुटांवर आणि लांबची १०० फुटांवर. एनएफएलमध्ये हेच अंतर सुमारे ७१ आणि ८९. याचा अर्थ असा की कॉलेजात कायम जवळच्या बाजूला खेळलेल्या कॉर्नरला कडेची रेषा फुकटात मदत करत होती. एनएफएलमध्ये त्याला सांभाळायची जागा वाढते. तो कॉलेजात कोणत्या बाजूला उभा राहायचा हे शोधायला दहा मिनिटं पुरतात, पण ते कुणी शोधत नाही.

चित्रफीत बघताना

टीव्हीवरचा कॅमेरा चेंडूमागे असतो. डाव सुरू झाला की दोन सेकंदांत कॉर्नर चौकटीबाहेर. सगळे २२ खेळाडू दाखवणारी उंचावरची चित्रफीत एनएफएलच्या स्वतःच्या सशुल्क सेवेत मिळते. कॉलेजची तशी चित्रफीत सहज मिळत नाही, म्हणून ड्राफ्टच्या आधीच्या चाहत्यांच्या मतांना मर्यादा असते. नाइलाज म्हणून फक्त निवडक झलका बघितल्या जातात, आणि झलकांमध्ये प्रत्येक कॉर्नर जगज्जेता असतो.

एक प्रेस डाव सावकाश बघू. कॉर्नर रिसीव्हरच्या समोर हातभर अंतरावर, गुडघे वाकलेले, पाय खांद्याएवढे फाकलेले, थोडा आतल्या अंगाला सरकून उभा. चेंडू निघाला. इथे चांगला कॉर्नर काहीच करत नाही, आणि ते काहीच न करणं फार अवघड असतं. रिसीव्हर डावीकडे झुकतो, उजवीकडे पाय आपटतो. कॉर्नर छोटी पावलं बाजूला टाकत समोरच राहतो, नजर रिसीव्हरच्या कमरेवर. डोकं आणि खांदे हुलकावणी देतात, कंबर सहसा देत नाही. रिसीव्हर खरोखर एका बाजूला निघाला की मगच एक हात त्याच्या छातीत, आणि त्याच क्षणी कॉर्नरची कंबर त्या दिशेला उघडते. मग कमरेला कंबर लावून धाव. रिसीव्हरचे हात वर जातात तेव्हा कॉर्नरचाही हात त्याच्या दोन हातांमधून वर जायला हवा.

बिघडतं कुठे? पहिली चूक घाईची. रिसीव्हरने नुसती मान हलवली आणि कॉर्नरची कंबर उघडली, म्हणजे एक बाजू सताड मोकळी. दुसरी, दोन्ही हातांनी एकदम झेप घेणं. रिसीव्हरने हात झटकले की कॉर्नर तोंडघशी. तिसरी चूक शेवटच्या क्षणाची. लांबच्या पासावर मागे वळून चेंडू शोधायचा असतो, पण रिसीव्हरशी अंग भिडलेलं नसताना मान वळवली की वेग जातो, आणि वळवलीच नाही तर धडक होऊन झेंडा पडतो. अंग जवळ असेल तर वळ, मागे पडला असशील तर रिसीव्हरच्या हातांवर खेळ, असं प्रशिक्षक घोकून घेतात. ही समज काहींना उपजत असते. ज्यांना नसते त्यांना ती शिकवणं सगळ्यात कठीण, असं आमचं स्पष्ट मत आहे.

अंतर ठेवून खेळणाऱ्या कॉर्नरची परीक्षा पायांत असते. सात यार्ड मागे उभा, उलट्या पावलांनी मागे जातोय, आणि रिसीव्हर अचानक थांबून आत वळला. आता मागचा पाय रोवून थेट पुढे झेपावायचं. चित्रफीत थांबवून मोजा: रिसीव्हर वळल्यापासून कॉर्नर पुढे निघेपर्यंत किती पावलं वाया गेली? एक गेलं तर चेंडूला हात लागू शकतो. तीन गेली तर नवे चार प्रयत्न मिळाल्याची खूण करत पंच पुढे निघालेले असतात.

फोर्ब्सची बरीच इंटरसेप्शन मागे उभं राहून, डोळे क्वार्टरबॅकवर ठेवून केलेली होती. ते कौशल्य खोटं नव्हतं. प्रश्न असा विचारायचा होता की नवा संघ त्याला तेच काम देणार आहे का. हाच प्रश्न प्रत्येक निवडीला लावा. तुमचा संघ प्रेस मॅन (समोर उभं राहून एकेका रिसीव्हरला धरणं) जास्त खेळतो की झोन? नवा मुलगा बाहेर खेळणार की आत, निकेलच्या जागी? आतल्या जागेवर रिसीव्हरला दोन्ही बाजू मोकळ्या असतात, कडेच्या रेषेची मदत नसते आणि धावणाऱ्याला अंगावर घ्यावं लागतं. कूपर डीजीनला फिलाडेल्फियाने २०२४ मध्ये ४० व्या क्रमांकावर घेतलं, सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर निकेलला खेळवलं आणि तो तिथे चपखल बसला. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा पास पकडून टचडाउन केलं, तेही आपल्या बाविसाव्या वाढदिवशी.

प्रतिस्पर्धी कोण होते, हेही बघायला हवं. मिचेल टोलेडोसारख्या लहान परिषदेतल्या, म्हणजे दुय्यम स्पर्धा-गटातल्या, विद्यापीठाचा. २०२२ मध्ये त्याने एकाच सामन्यात चार इंटरसेप्शन केली होती, पण समोर कोण होतं ही शंका उरलीच. ती फिटली सीनियर बोलच्या, म्हणजे ड्राफ्टआधी निवडक कॉलेज खेळाडूंच्या सामन्याच्या, सरावांत. अलाबामातल्या मोबील शहरात देशभरातले उत्तम रिसीव्हर समोर होते आणि तरी तो ठाम राहिला. लहान विद्यापीठाचा कॉर्नर असेल तर त्या आठवड्याच्या एकास-एक सरावाची चित्रफीत पूर्ण हंगामापेक्षा जास्त सांगते.

पहिलं वर्ष आणि दुखापती

ऑगस्टच्या सराव सामन्यांवरून काहीच ठरवू नका. समोर दुसऱ्या-तिसऱ्या फळीचे खेळाडू असतात आणि संघ आपली खरी आखणी लपवून ठेवतात. तिथे फक्त तंत्र बघायचं. खरा हंगाम सुरू झाला की पहिले पाच-सहा आठवडे प्रत्येक क्वार्टरबॅक नवोदिताला डिवचणार, हे गृहीत धरा. त्यामुळे सुरुवातीला चेंडू जास्त येणं म्हणजे तो वाईट आहे असं नाही. नोव्हेंबरात त्याच्याकडे येणारे चेंडू कमी झाले का, आणि मार खाल्ल्यावर पुढच्याच डावात तो घाबरून तीन यार्ड जास्त मागे उभा राहिला का, या दोन गोष्टी बघा. (भारतातून बघणाऱ्यांना रविवारचे पहिले सामने नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रात्री साडेदहाला मिळतात, अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. सोमवारचं ऑफिस ज्याचं त्याने बघावं.)

दुखापत सगळी सारखी नसते. गोन्झालेझचा पहिला हंगाम चार सामन्यांत संपला, पण दुखापत खांद्याची होती, पाय शाबूत होते. २०२० चा तिसरा, डेट्रॉइटचा जेफ ओकूडा. दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याचा घोट्यामागचा अकिलीस स्नायुबंध फाटला. २०२३ मध्ये डेट्रॉइटने त्याला पाचव्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात दिलं. कॉर्नरचं सगळं काम अचानक थांबण्यावर आणि सुटण्यावर चालतं, आणि तो झटका अकिलीसमधूनच येतो. २०२५ मध्ये मिशिगनचा विल जॉन्सन गुडघ्याच्या काळजीने पहिल्या फेरीतून घसरून ४७ वर गेला. वैद्यकीय कागद संघांकडे असतात, चाहत्यांकडे नाहीत, म्हणून अशी घसरण झाली की ‘लॉटरी लागली’ म्हणण्याआधी थोडं थांबावं. ह्यूस्टनचा डेरेक स्टिंगली पहिल्या वर्षी मांडीच्या दुखण्याने अर्धा हंगाम बाहेर होता. २०२४ मध्ये तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात आला. संघसुद्धा वेळ देतात: पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, आणि पाचवं वर्ष जोडायचं का याचा निर्णय तिसरा हंगाम पार पडल्यावर, मेच्या सुरुवातीपर्यंत घ्यायचा असतो.

पाचव्या-सहाव्या फेरीतल्या कॉर्नरसाठी मात्र मोजपट्टी वेगळी. ऑगस्टअखेर संघाची यादी ५३ खेळाडूंवर येते, आणि पाचवा-सहावा कॉर्नर त्यात राहतो तो बहुधा कव्हरेजमुळे नाही. पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिस्पर्ध्याला देतात तेव्हा, कडेला उभा राहून, दोन-दोन माणसांना चुकवत ५० यार्ड पळून चेंडू पकडणाऱ्याला जागेवर पाडणारा जो गनर असतो, त्या कामामुळे राहतो. सराव सामन्यात पंट आला की उठून चहा करायला जाऊ नका. तुमच्या नव्या मुलाचा क्रमांक तिथे पहिल्या फळीत दिसला तर त्याची जागा जवळपास पक्की. दिसला नाही आणि तो यादीतून कापला गेला, तर दुसऱ्या दिवशीची सराव पथकाची १६ नावं तपासा. ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला वेस्ट अलाबामाचा माल्कम बटलर २०१४ मध्ये न्यू इंग्लंडकडे चाचणीतून आला होता, आणि त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये सीॲटलचा शेवटचा पास गोलरेषेवर त्यानेच पकडला.